मामांच्या हातात एकच रिमोट

साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घरात आला की आवाज सुधारतो, पण एक रिमोटही वाढतो. आणि घरात ज्याला त्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज असते, त्या म्हाताऱ्या माणसालाच हा जास्तीचा रिमोट झेपत नाही. म्हणून माझं मत असं आहे की टीव्हीच्या रिमोटने साऊंडबारचा आवाज कमी-जास्त होत नाही तोवर साऊंडबार बसवून झाला असं म्हणूच नये. दुकानातला मुलगा "लागला बघा, ऐका" म्हणून जातो तेव्हा काम अर्धं झालेलं असतं. उरलेलं अर्धं घरच्या घरी होतं, त्याला मेकॅनिक लागत नाही. परभणीत आमच्या घरी ते कसं झालं आणि त्यामागे काय चालतं ते सगळं लिहिते, कारण नात्यातल्या तीन-चार घरांतून मला हेच विचारून झालं आहे.

आमच्याकडे ही गरज मामांची. मामा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडली आहे. सेलूला त्यांची पिठाची गिरणी होती, सुरुवातीला डिझेल इंजिनावरची आणि नंतर लाईटवरची. सकाळपासून रात्रीपर्यंत जात्याची घरघर आणि पट्ट्याचा फटफटाट, त्यात गिऱ्हाईकाशी ओरडून बोलायचं. आयुष्यभर ते त्या आवाजात उभे राहिले. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. आलेखाची रेघ डावीकडे, म्हणजे जाड आवाजांच्या बाजूला, बऱ्यापैकी वर होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास धाडकन खाली उतरली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचे कान नेमके तिथेच आधी जातात. वयानेही वरच्याच पट्टीचं ऐकू कमी होतं. दोन्ही एकत्र आलं.

याचा टीव्हीशी संबंध असा. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ असे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, त, थ, फ यांची फुसफुस मात्र वरच्या पट्टीत असते आणि ती नाजूक असते. मामांना स्वर येतात, व्यंजनं गळतात. त्यामुळे ते "ऐकू येत नाही" असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, "आवाज येयलाय गं, पण काय बोलायलेत ते कळंना गेलंय." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या घरात म्हातारं माणूस असं म्हणतं तिथे नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही. शब्द स्पष्ट यावे लागतात.

आणि आजकालचे टीव्ही तिथेच कमी पडतात. ते इतके पातळ झालेत की स्पीकरला समोर तोंड करायला जागाच राहिलेली नाही. आमच्या त्रेचाळीस इंचीचे स्पीकर खालच्या कडेला आहेत, तोंड जमिनीकडे. आवाज खाली जाऊन, भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत येतो. वरच्या पट्टीचा जो नाजूक भाग मामांना हवा, तोच वाटेत सांडतो. साऊंडबारचे स्पीकर सरळ माणसाकडे तोंड करून असतात. शिवाय बऱ्याच साऊंडबारमध्ये बोलणं ठळक करणारा मोड असतो, कुठे त्याला व्हॉइस म्हणतात तर कुठे डायलॉग किंवा न्यूज. माझ्या नणंदेने दिवाळीला पुण्याहून साऊंडबार पाठवला आणि सह्याद्रीच्या सातच्या बातम्या मामांनी त्यावर पहिल्यांदा ऐकल्या, तेव्हा त्यांनी निवेदिकेचं वाक्य तिच्या मागोमाग आम्हाला म्हणून दाखवलं. इतके दिवस ते बातम्या पडद्याखालून सरकणाऱ्या अक्षरांत वाचत होते. त्या संध्याकाळी ऐकल्या. घरात सगळ्यांनाच बरं वाटलं.

मग बातम्या संपल्या आणि जाहिराती लागल्या.

जाहिरातींचा आवाज बातम्यांपेक्षा चढा असतो, हे ज्याला नीट ऐकू येतं त्याला फारसं जाणवत नाही. मामांसारख्याला फार जाणवतं, कारण अशा कानांची एक गंमतीची नसलेली गोष्ट असते : बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम अंगावर येतो. मधली जागा अरुंद होते. त्यामुळे असा माणूस दर काही मिनिटांनी आवाज खाली-वर करत असतो. बातम्यांना वर, जाहिरातीला खाली, कीर्तनात बुवा बोलतात तेव्हा वर, टाळ-पखवाज सुरू झाला की खाली. मी नीट पाहिलं आहे, मामांच्या हातून रिमोटवरचं सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण चॅनलचं नाही, आवाजाचं आहे. आणि नेमकं तेच बटण साऊंडबार लागल्यावर निकामी झालं. टीव्हीचा रिमोट दाबला की पडद्यावर आकडा खाली-वर व्हायचा किंवा बाहेरचा स्पीकर जोडलाय अशी पाटी यायची, आवाज तसाच. साऊंडबारचा रिमोट वेगळा, बोटाएवढा, त्यावरची अक्षरं मला चष्मा लावून वाचावी लागतात. चॅनल बदलायला सेटटॉप बॉक्सचा तिसराच.

"ह्यातलं कोणतं दाबू गं पोरी?" असं मामा दर वेळी विचारू लागले, आणि मी शाळेत असले की विचारायला कोणी नसल्यामुळे दुपारभर टीव्ही बंद ठेवू लागले. ज्या माणसाने गिरणीचं इंजिन उघडून स्वतः बसवलं, त्याला आवाजासाठी कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावं लागणं मला सहन होईना. म्हणून मी टीव्हीच्या मागे टॉर्च घेऊन शिरले.

मागे पाहिलं तर बसवणाऱ्या मुलाने ऑप्टिकल केबल लावली होती. बारीक काळी वायर, टोक काढलं की लाल उजेड दिसतो. डोळ्यांजवळ नेऊन बघत बसू नका, पण उजेड दिसला म्हणजे टीव्हीकडून आवाज निघतो आहे हे कळतं. ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. तोशिबा कंपनीने १९८३ साली ती काढली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. आवाज उत्तम येतो. मात्र ही वायर उजेडाच्या लुकलुकीतून फक्त ध्वनी पाठवते, आणि तोही एकाच दिशेने. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी जसं पैठणहून आपल्याकडे येतं आणि आपला निरोप त्या पाण्यातून वर जात नाही, तसं. "आवाज वाढव" हा हुकूम जायला तिच्यात वाटच नाही. बहुतेक टीव्ही ऑप्टिकलमधून आवाज एका ठरलेल्या पातळीवर सोडतात आणि पुढचं साऊंडबारवर सोपवतात. म्हणजे रिमोट बिघडला नव्हता, सेटिंग चुकलं नव्हतं. त्या वायरने ते काम होणारच नव्हतं.

काम होतं ते एचडीएमआयच्या वायरीने, पण टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआय खाचेतून नाही. ज्या खाचेजवळ इंग्रजीत ए-आर-सी अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात (नव्या टीव्हीवर त्याआधी छोटा ई असतो) त्याच खाचेतून. साऊंडबारच्या मागेही अशीच खूण असलेली खाच असते. दोन्हीकडे ही खूण असलीच पाहिजे. तिथे दोन वेगवेगळ्या सोयी एकाच वायरीत एकत्र येतात आणि लोकांचा गोंधळ होतो तो या दोन्हींना एकच समजल्यामुळे, म्हणून इथे थोडं थांबून सांगते.

पहिली सोय आवाज उलटा नेण्याची. एचडीएमआय मुळात बॉक्सकडून टीव्हीकडे चित्र आणि ध्वनी आणण्यासाठी निघालं. टीव्हीकडून ध्वनी परत बाहेर न्यायची सोय, म्हणजे एआरसी, २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आली. २०१७ च्या २.१ आवृत्तीत तिचीच मोठी बहीण ई-एआरसी आली, तिच्यातून जास्त भरगच्च ध्वनी जातो. बातम्या, मालिका आणि कीर्तनासाठी साधी एआरसी भरपूर आहे, तेवढ्यासाठी महागडा टीव्ही घेऊ नका.

दुसरी सोय हुकूम नेण्याची. तिचं नाव सीईसी. एचडीएमआयच्या टोकात एकोणीस पिना असतात, त्यातली १३ नंबरची पिन फक्त एवढ्यासाठीच राखून ठेवलेली आहे. चित्र-ध्वनी बाकीच्या पिनांवरून प्रचंड वेगाने धावत असतात आणि या पिनेवरून सेकंदाला साधारण ४०० बिट इतक्या सावकाश गतीने उपकरणं एकमेकांशी बोलतात. बोलणं काय, तर "तू टीव्ही आहेस का?", "मी ध्वनीचं यंत्र आहे", "आवाज एक पायरी वर घे", "आवाज बंद कर". आपण टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबतो, टीव्ही ते ओळखतो, स्वतःचे स्पीकर बंद असल्यामुळे तो हुकूम त्या पिनेवरून साऊंडबारकडे देतो. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. रिमोटला साऊंडबारची ओळख असण्याची गरजच नाही, टीव्ही मध्यस्थी करतो. म्हणून टीव्ही एका कंपनीचा आणि साऊंडबार दुसऱ्या कंपनीचा असला तरी चालतं.

आता अडचण अशी की ही सीईसी पुष्कळदा टीव्हीत बंद असते आणि मेन्यूमध्ये तिच्या नावाने सापडतही नाही. प्रत्येक कंपनीने तिला आपलं नाव दिलं आहे. सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक. अँड्रॉइड किंवा गूगलवाल्या टीव्हीत सेटिंगमध्ये शिरून इनपुटच्या यादीत एचडीएमआय कंट्रोल किंवा सीईसी असं काही सापडेल. हे शब्द आधी माहीत असले तर दहा मिनिटांचं काम आहे, नसले तर माणूस आवाजाच्या मेन्यूत फिरत बसतो, आणि ते तिथे नसतं.

आमच्या घरी खरी अडचण मेन्यूत नव्हती, भिंतीवर होती. टीव्ही भिंतीला चिकटून टांगलेला आणि एआरसीची खाच मधोमध मागे. त्यातही त्या एकमेव खाचेत बसवणाऱ्याने सेटटॉप बॉक्सची वायर घातलेली. बॉक्सला कुठलीही खाच चालते, साऊंडबारला मात्र तीच लागते. हे मी बऱ्याच घरांत बघितलं आहे, बॉक्स आधी येतो आणि पहिली मोकळी खाच पकडून बसतो. नवऱ्याने टीव्ही खालून उचलून धरला, मी हात घालून बॉक्सची वायर शेजारच्या खाचेत हलवली आणि मोकळ्या झालेल्या जागी साऊंडबारची वायर बसवली. वायर आमच्याकडे आधीचीच होती, जुन्या डीव्हीडी प्लेअरची. साध्या एआरसीला ती पुरते. हे करताना दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवले होते, तुम्हीही ठेवा.

पुढचं सगळं रिमोटवर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू केली. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये "आवाज कुठून काढायचा" या यादीत टीव्हीचे स्पीकर आणि ऑप्टिकल सोडून एचडीएमआय एआरसी निवडलं. साऊंडबारवर सोर्सचं बटण दाबत दाबत टीव्ही किंवा एआरसी ही अक्षरं आणली. काही साऊंडबारवर अक्षरं नसतात, दिव्याचा रंग बदलतो, रंगांचा तक्ता सोबतच्या कागदावर असतो, म्हणून तो कागद रद्दीत देऊ नका. एवढं झाल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावरच्या पट्टीशेजारी स्पीकरचं छोटं चित्र आलं, आणि आवाज वाढला. मामा पलंगावरून म्हणाले, "आला. कमी करून बघ." कमी केला. "दे इकडं."

तरी अजून एक रिमोट जास्तीचा होताच. मामा चॅनल बदलतात ते सेटटॉप बॉक्सच्या रिमोटने, म्हणजे हातात दोन रिमोट उरले. इथे आपल्याकडच्या डीटीएच आणि केबलच्या रिमोटची एक सोय कामाला आली, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्यातल्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी म्हणून चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत असतात : टीव्ही बंद-चालू, आवाज वर, आवाज खाली, म्यूट. ही बटणं कोरी असतात, ती दुसऱ्या रिमोटकडून शिकतात. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, डोक्याला डोकं लावून ठेवायचे, बोटभर अंतर राखून. बॉक्सच्या रिमोटवरचं सेटचं किंवा त्या चौकटीतलं पॉवरचं बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं. मग बॉक्सच्या रिमोटवरचं "आवाज वर" एकदा दाबायचं, लगेच टीव्हीच्या रिमोटवरचं "आवाज वर" दाबायचं, दिवा लुकलुकला की शिकला. तसंच बाकीच्या बटणांचं. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण रीत हीच.

आता साखळी अशी झाली : मामा बॉक्सच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबतात, तो टीव्हीच्या रिमोटची नक्कल करतो, टीव्ही तो हुकूम १३ नंबरच्या पिनेवरून साऊंडबारला देतो, साऊंडबार आवाज वाढवतो. चॅनलही त्याच रिमोटवर. हातात एकच वस्तू. त्या आवाजाच्या बटणांवर मी नेलपॉलिशचे दोन जाड ठिपके दिले, वर लाल आणि खाली पांढरा, वाळले की बोटालाही लागतात.

हे शिकणं कसं होतं ते सातवीच्या मुलांना दाखवायला मी रिमोट वर्गात नेला होता. रिमोटच्या तोंडाशी जो दिवा असतो तो अवरक्त किरण सोडतो, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे, आपल्या डोळ्याला न दिसणारे. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर बटण दाबल्यावर तिथे जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा हे किरण अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच वापरा. हा उजेड सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे म्हणजे बटणाचा संकेत. शिकणारा रिमोट ते तुकडे जसेच्या तसे लक्षात ठेवतो. मुलांनी घरी जाऊन सगळे रिमोट तपासले आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे सेल संपलेत याची यादी आणली. रिमोट चालत नाही असं वाटलं तर मीही आधी हेच पाहते, निम्मा शोध तिथेच संपतो.

आता ज्यांच्या टीव्हीला एआरसीची खाचच नाही त्यांचं. माझी मोठी जाऊ मानवतला असते, तिचा टीव्ही जुना आहे आणि चांगला चालतो. साऊंडबारसाठी तो बदलायला सांगणं मला पटलं नाही. तिथे ऑप्टिकलच ठेवली आणि बॉक्सच्या रिमोटची कोरी बटणं टीव्हीच्या रिमोटकडून न शिकवता थेट साऊंडबारच्या रिमोटकडून शिकवली. म्हणजे आवाजाचा हुकूम टीव्हीला वळसा घालून सरळ साऊंडबारकडे जातो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंगमधून बंद केले, नाहीतर दोन्हीकडून आवाज येऊन घुमतो. एकच अट, साऊंडबारच्या रिमोटने अवरक्त किरण सोडले पाहिजेत. काही महाग साऊंडबारचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नसतं. पुढच्या कॅमेऱ्यात उजेड दिसला तर रिमोट कामाचा. काही साऊंडबार तर स्वतःच टीव्हीच्या रिमोटची बटणं शिकतात, ते त्यांच्या कागदात लिहिलेलं असतं.

ज्यांच्याकडे अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आहे आणि तिच्या रिमोटवर आवाजाची बटणं आहेत, त्यांना तिच्या सेटिंगमधल्या इक्विपमेंट कंट्रोलमध्ये जाऊन साऊंडबारची कंपनी निवडता येते. तो रिमोट मग आवाजासाठी अवरक्त किरण सोडतो. माझ्या भाच्याच्या खोलीवर असंच आहे.

ब्लूटूथने जोडा असंही अनेक जण सुचवतात, वायरच नको म्हणून. तरुण माणसाने गाणी ऐकायला जोडावं. म्हाताऱ्यांसाठी मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण आवाजाचा दर्जा नाही. ब्लूटूथवर आवाज चित्राच्या किंचित मागे पडतो. तुम्हा-आम्हाला तो फरक चालून जातो. ज्याला व्यंजनं ऐकू येत नाहीत तो माणूस समोरच्याचे ओठ वाचत असतो, त्याला स्वतःलाही हे माहीत नसतं. मामा प ऐकत नाहीत, तो ओठांवर बघतात. आवाज आणि ओठ यांची फारकत झाली की त्यांच्या हातातला तो आधारही जातो आणि ते परत "कळंना गेलंय" वर येतात. वायरीवरसुद्धा कधी असा फरक राहतो. टीव्हीच्या किंवा साऊंडबारच्या सेटिंगमध्ये त्याला लिपसिंक किंवा ऑडिओ डिले म्हणतात, तिथे आकडा बदलत बदलत निवेदिकेचे ओठ जुळवून घ्या. मी हे मामांना शेजारी बसवून केलं, माझ्या कानांवर विसंबून नाही.

एखाद्या चॅनलवर किंवा ओटीटीवर चित्र दिसतं आणि साऊंडबार मुका राहतो, तेव्हा टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे साधा ध्वनी, निवडून बघा. छोट्या साऊंडबारला टीव्ही जो भरगच्च ध्वनी पाठवतो तो काही वेळा उलगडता येत नाही, पीसीएम सगळ्यांना कळतो.

सीईसी चालू केल्यावर टीव्ही बंद केला की साऊंडबारही बंद होतो आणि चालू केला की चालू होतो, ही सोयच आहे. कधी कधी बॉक्स किंवा स्टिक स्वतः जागी होऊन टीव्हीही उठवते. तसं झालं तर त्या उपकरणातली सीईसी बंद करा, टीव्हीतली नको.

शेवटी आपल्याकडची लाईट. उन्हाळ्यात परभणीत दुपारी लाईट जाते-येते, कधी आल्या आल्या परत जाते. अशा वेळी टीव्ही आणि साऊंडबार वेगवेगळ्या वेळी जागे होतात, त्यांचं त्या सावकाश पिनेवरचं ओळखपाळख अर्धवट राहतं आणि टीव्ही आपल्याच स्पीकरवर परत जातो. रिमोट मग टीव्हीचाच आवाज वाढवतो आणि साऊंडबार गप्प बसतो. सेटिंगमध्ये काही शोधू नका. दोन्हींचे प्लग बोर्डातून काढा. रिमोटने बंद करणं पुरत नाही, कारण तसं केल्यावर आतला थोडा भाग जागाच राहतो. दोन-तीन मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा, तो पूर्ण सुरू झाला की साऊंडबार लावा. आमचे दोन्ही प्लग आता इन्व्हर्टरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत, त्यामुळे हे क्वचितच करावं लागतं, आणि करावं लागलं तर मामा स्वतः करतात. "इंजिनाला बी असंच करावं लागायचं, थंड होऊ द्यायचं अन् मग हँडल," असं त्यांचं म्हणणं.

साऊंडबारचा मूळ रिमोट मात्र फेकू नका. व्हॉइस मोड, बास आणि सोर्स बदलायला तोच लागतो, ही बटणं सीईसीवरून बहुधा जात नाहीत. त्यातले सेल काढून रिमोट आणि सेल एकाच पिशवीत घालून टीव्हीखालच्या खणात ठेवा. सेल आत राहिले तर गळू शकतात, आणि नेमका लागेल त्या दिवशी रिमोट हिरवा झालेला निघतो.